परळीतलं दुकान मोबाइलवर सापडतं का? बाहेरगावच्या भाविकांपर्यंत पोहोचण्याचं डिजिटल गणित

बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक म्हणून महाराष्ट्र ज्या परळी वैजनाथला मानतो, तिथे दर्शनाला येणारे सगळेच मराठी बोलणारे नसतात. विकाराबाद-बिदर-उदगीर-लातूर रोड-परळी हा रेल्वेमार्ग बीड जिल्ह्यातल्या या गावाला थेट तेलंगणा आणि कर्नाटकशी जोडतो. त्यामुळे लॉज, खानावळ, पूजासाहित्य किंवा रिक्षाचा व्यवसाय करणाऱ्यांसाठी तेलुगू आणि कन्नड बोलणारे भाविक हे महत्त्वाचे ग्राहक आहेत.

या ग्राहकाला पूर्वी स्टेशनवर उतरल्यावर चौकशी करावी लागायची. आता तो घरातूनच मोबाइलवर शोधतो आणि जे सापडेल त्यालाच फोन करतो. मग परळीतला छोटा व्यावसायिक त्याला सापडावा, यासाठी काय करावं लागतं?

पहिली अडचण: नाव

'वैद्यनाथ ज्योतिर्लिंग' असं शोधलं की झारखंडमधलं देवघर हमखास समोर येतं. ज्योतिर्लिंग म्हणून देवघरचाही दावा आहे. हिमाचल प्रदेशातही बैजनाथ आहे. फक्त 'परळी' शोधलं तर साताऱ्याजवळ सज्जनगडाच्या पायथ्याचं परळी आहे आणि केरळच्या पालक्काड जिल्ह्यातही त्याच नावाचं रेल्वे स्टेशन आहे.

त्यात इंग्रजी लिपीत 'ळ' नाही. इंग्रजीत हे नाव वेगवेगळ्या स्पेलिंगने लिहिलं जातं, हिंदीत 'परली' होतं. मंदिराला कुणी वैजनाथ म्हणतं, कुणी वैद्यनाथ.

म्हणून व्यवसायाच्या प्रत्येक पानावर पत्ता पूर्ण हवा: परळी वैजनाथ, जिल्हा बीड, महाराष्ट्र आणि पिनकोड. वर्णनात वैजनाथ आणि वैद्यनाथ ही दोन्ही नावं ओघात येऊ द्यावीत. मात्र दुकानाच्या नावात 'मंदिराजवळचा सर्वोत्तम स्वस्त लॉज' अशी शेपूट जोडू नये. पाटीवर जे नाव आहे तेच लिहावं, असा गुगलचा नियम आहे. तो मोडल्यास प्रोफाइल बंद होऊ शकतं.

जाहिरातीआधी नकाशा

डिजिटल मार्केटिंग म्हटलं की अनेकांना पैसे देऊन केलेली जाहिरात आठवते. पण अशा व्यवसायाची सुरुवात गुगल बिझनेस प्रोफाइलपासून होते आणि ते मोफत असतं. नकाशावर कोणाचं नाव आधी दिसेल, हे गुगल मुख्यतः तीन गोष्टींवर ठरवतं: शोधलेल्या शब्दांशी जुळणी, ग्राहकापासूनचं अंतर आणि व्यवसायाची प्रसिद्धी. या यादीतला वरचा क्रमांक पैसे देऊन मिळत नाही, असं गुगल स्वतः सांगतं.

अंतर बदलता येत नाही. बाकीचं हातात आहे. योग्य वर्ग निवडणं, उघडण्या-बंद होण्याच्या वेळा अचूक ठेवणं, खोल्यांचे आणि प्रवेशद्वाराचे खरे फोटो टाकणं आणि ग्राहकांच्या प्रतिक्रियांना उत्तर देणं ही ती कामं. चांगल्या प्रतिक्रियेच्या बदल्यात सवलत देणं मात्र नियमाविरुद्ध आहे.

ग्राहकाच्या भाषेत, ग्राहकाच्या ठिकाणी

या बाबतीत फिलिपिन्सचं उदाहरण उपयोगी आहे. तिथल्या लहान विक्रेत्यांसाठी फेसबुक हेच दुकान असतं. किंमत विचारण्यापासून ऑर्डर देण्यापर्यंतचा व्यवहार मेसेंजरवर होतो. जाहिरातींमध्ये टागालोग आणि इंग्रजीची सरमिसळ, म्हणजे 'टॅगलिश', सर्रास दिसते. ग्राहक जिथे आहे आणि जसा बोलतो, तिथे आणि तसंच विक्रेताही बोलतो.

परळीत हे काम व्हॉट्सॲप बिझनेस करू शकतं. २०१८ साली आलेल्या या मोफत ॲपमध्ये वस्तूंची यादी, दर आणि तयार उत्तरं साठवून ठेवता येतात. 'खोली आहे का', 'भाडं किती', 'स्टेशनपासून किती लांब', 'गरम पाणी मिळेल का' या प्रश्नांची उत्तरं तेलुगू, कन्नड आणि हिंदीत एकदाच तयार करून ठेवता येतात. भाषांतर ॲपवर विसंबण्यापेक्षा ती भाषा येणाऱ्या माणसाकडून एकदा तपासून घेणं चांगलं.

पंचांग हेच वेळापत्रक

महाशिवरात्र आणि श्रावणी सोमवार सगळ्यांनाच ठाऊक आहेत. पण उत्तर भारतातला श्रावण महाराष्ट्राच्या पंधरा दिवस आधी सुरू होतो. तेव्हा 'वैद्यनाथ' शोधणारे अनेक जण देवघरचे भाविक असतात. त्या दिवसांत सरसकट जाहिरात केली तर पैसा वाया जाऊ शकतो.

तेलंगणा, आंध्र आणि कर्नाटकचा श्रावण मात्र महाराष्ट्राबरोबरच येतो. शिवाय तेलुगू भाविकांसाठी कार्तिक महिना, त्यातही कार्तिक सोमवार, शिवपूजेसाठी विशेष असतो. दिवाळीनंतर गर्दी ओसरली असं समजणाऱ्या व्यावसायिकाने हा महिना विचारात घ्यायला हवा. जाहिरात करायचीच असेल तर ती या दिवसांआधी आणि ठरावीक शहरांपुरती करावी.

विश्वास गमावला तर?

सर्वात मोठी जोखीम फसवणुकीची आहे. केदारनाथ, चारधाम आणि सोमनाथच्या नावाने बनावट बुकिंग संकेतस्थळं चालवली जात असल्याचा इशारा केंद्रीय गृहमंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये दिला होता. आगाऊ पैसे घेतले जातात आणि नंतर फोन लागत नाही, अशी ही पद्धत. असं कुठल्याही तीर्थक्षेत्री घडू शकतं.

गुगल नकाशावर कोणीही बदल सुचवू शकतो, फोन नंबरसुद्धा. मालकाने प्रोफाइलचा ताबाच घेतला नसेल, तर चुकीचा नंबर लागलेला त्याला कळणारही नाही. फसलेला भाविक मात्र दोष त्या लॉजला आणि गावालाच देईल. म्हणून प्रोफाइलची पडताळणी करून घ्यावी, महिन्यातून एकदा स्वतःचं दुकान गुगलवर शोधून पाहावं आणि आगाऊ रक्कम घेताना यूपीआयवर व्यवसायाचंच नाव दिसेल, याची खात्री करावी. आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या हेल्पलाइनवर लगेच तक्रार करता येते.

यातल्या बहुतेक कामांना पैसा नव्हे, वेळ लागतो. ती केली नाहीत तर भाविक परळीत येईल, मंदिराच्या वाटेवर दुकानासमोरून जाईलही, पण थांबेल तिथेच, ज्याचा नंबर त्याला घरी बसून मिळाला होता.