काडेपेटीच्या कारखान्यातली घरं

पूर्व लंडनमधल्या बो भागात, फेअरफिल्ड रोडवर, लाल विटांच्या जुन्या इमारतींचा एक मोठा समूह आहे. त्याला ‘बो क्वार्टर’ म्हणतात. रस्त्याकडे बंद फाटक आणि पहारा. आत बाग, पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा आणि सुमारे ७०० घरं. त्यांतल्या लॉफ्टना विशेष मागणी असते. उंच छत, अर्ध्या भिंतीएवढ्या खिडक्या, न गिलावलेल्या विटा, मधे भिंत नसलेला सलग दिवाणखाना. अशी घरं लाखो पौंडांना विकली जातात. इमारतींची नावं मॅनहॅटन आणि लेक्सिंग्टन. या वास्तूचा न्यूयॉर्कशी काही संबंध नाही, पण कारखान्यात घर थाटण्याची हौस तिथून आली, म्हणून नावंही तिथूनच आणली.

न्यूयॉर्कच्या सोहो भागातले छोटे कारखाने १९६०च्या सुमारास रिकामे पडत गेले आणि तिथे चित्रकार, शिल्पकार राहू लागले. जागा मोठी, उजेड भरपूर, भाडं कमी. राहणं बेकायदा होतं, हिवाळ्यात ऊब नसे, पण मोठा कॅनव्हास उभा करता येई. १९७१मध्ये शहराने कलावंतांपुरती परवानगी दिली आणि १९८२मध्ये भाडेकरूंना संरक्षण देणारा कायदा झाला. तोवर त्या जागांवर वकील आणि दलालांची नजर गेली होती. शॅरन झुकिन या समाजशास्त्रज्ञ बाईंनी त्याच वर्षी या बदलावर पुस्तक लिहिलं. कलावंतांनी गरजेपोटी पत्करलेली राहणी पुढे पैसेवाल्यांची आवड कशी झाली, ते त्यात दिसतं. १९८०च्या दशकाच्या शेवटी ही आवड लंडनला पोचली आणि बोच्या रिकाम्या कारखान्याला गिऱ्हाईक मिळालं.

हा कारखाना ब्रायंट अँड मे यांचा, काडेपेट्यांचा. विल्यम ब्रायंट आणि फ्रान्सिस मे हे दोघे क्वेकर पंथाचे, म्हणजे साधेपणा आणि सचोटी मानणाऱ्या मंडळींतले. आधी ते स्वीडनहून काड्या आणून विकत. १८६१मध्ये त्यांनी बोमध्ये स्वतःचं उत्पादन सुरू केलं. पेटीच्या कडेवरच घासून पेटणारी सुरक्षित काडी ते बनवत. पण गरिबांच्या घरात खपायची ती कुठेही घासली की पेटणारी स्वस्त काडी, आणि तिच्या गुलात पांढरा फॉस्फरस असे.

काम असं चाले. दोन काड्यांएवढ्या लांबीच्या लाकडी सळया चौकटीत ओळीने बसवायच्या, त्यांची दोन्ही टोकं फॉस्फरसच्या गरम लगद्यात बुडवायची, वाळल्या की मधोमध कापायच्या आणि पेट्या भरायच्या. कापताना आणि भरताना काड्या पेट घेत आणि बोटं पोळत. पेटीची खोकी बनवण्याचं काम तर कारखान्यात नव्हतंच. ते आसपासच्या खोल्यांमधून बायका-मुलं करत. १४४ पेट्यांना सव्वादोन पेन्स मिळत, आणि खळ स्वतःच्या पदरची.

पांढऱ्या फॉस्फरसची वाफ किडलेल्या दातातून जबड्यात शिरे. आधी दात दुखे, मग हिरडी सुजे, मग जबड्याचं हाड कुजू लागे. ‘फॉसी जॉ’ हे या आजाराचं कामगारांमधलं नाव. कुजलेल्या हाडाच्या दुर्गंधीमुळे घरची माणसंही रोग्याजवळ बसू शकत नसत. इलाज एकच, जबडा काढून टाकायचा. पोरी कामाच्या टेबलावरच डबा खात, त्यामुळे विष वाफेतून जाई तसं घासातूनही पोटात जाई.

पगारातून दंड कापला जाई तो वेगळा. पाय मळलेले दिसले तर तीन पेन्स. उशीर झाला तर फाटक बंद, अर्ध्या दिवसाचा खाडा आणि पाच पेन्स गेले. सोळा वर्षांच्या एका मुलीची आठवड्याची कमाई चार शिलिंग होती, आणि त्याच सुमारास भागधारकांना २३ टक्के लाभांश मिळत होता. हे आकडे ॲनी बेझंट यांनी २३ जून १८८८ रोजी आपल्या ‘द लिंक’ या साप्ताहिकात छापले. लेखाच्या शीर्षकातच लंडनमधल्या गुलामगिरीचा उल्लेख होता.

‘आमची काही तक्रार नाही’ अशा मजकुराचा कागद कंपनीने पोरींपुढे सहीसाठी ठेवला. त्यांनी नकार दिला. एकीला भलत्याच कारणावरून कामावरून काढलं, आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात बघता बघता सुमारे १,४०० बायका-मुली बाहेर पडल्या. त्यांतल्या पुष्कळशा आयरिश कुटुंबांतल्या. दोनेकशे जणी चालत फ्लीट स्ट्रीटला बेझंटबाईंच्या कचेरीवर गेल्या. बेझंटबाईंनी त्या काड्यांवर बहिष्कार घाला असं लिहिलं होतं. संपाची हाक त्यांची नव्हती. तरी शतकभर हा संप त्यांच्याच नावावर राहिला. लुईझ रॉ या इतिहासकार बाईंनी २००९मध्ये छापलेल्या पुस्तकात हे श्रेय खुद्द कारखान्यातल्या बायकांना परत दिलं: सेरा चॅपमन, मेरी ड्रिस्कॉल, एलायझा मार्टिन. मला ते पटतं. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींना चेतवायला बाहेरचं कुणी लागतं, हा समज सुशिक्षितांचा आहे. या पोरी रोज त्याच रस्त्याने एकत्र जात-येत, एकाच गल्लीत राहत आणि एकमेकींच्या घरच्या अडचणी जाणत. असा संप आतूनच उभा राहतो. पण अर्थसाहाय्य जमवणं, संसदेपर्यंत शिष्टमंडळ नेणं, वर्तमानपत्रांना जागं ठेवणं ही बेझंटबाईंची कामगिरीही लहान नाही.

जेमतेम दोन आठवड्यांत कंपनी नमली. दंड बंद झाले, जेवायला वेगळी खोली द्यायचं ठरलं, काढलेल्या पोरी परत आल्या, बायकांची संघटना उभी राहिली. पुढच्याच वर्षी लंडनच्या गोदी कामगारांनी मोठा संप केला, तेव्हा या पोरींचं उदाहरण ताजं होतं.

पांढरा फॉस्फरस मात्र तसाच राहिला. फॉसी जॉचे १७ रोगी लपवल्याबद्दल १८९८मध्ये कंपनीला दंड झाला तो २५ पौंडांचा. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी बिनविषारी पर्याय शोधल्यावर १९०१मध्ये कंपनीने पांढरा फॉस्फरस सोडला. ब्रिटनने बंदीचा कायदा १९०८मध्ये केला, हिंदुस्थानात तो १९१३मध्ये आला.

बेझंटबाई पुढे थिऑसॉफीकडे वळल्या आणि १८९३मध्ये हिंदुस्थानात आल्या. १९१६मध्ये एप्रिलात टिळकांनी बेळगावात होमरूल लीग स्थापली आणि सप्टेंबरात बेझंटबाईंनी मद्रासेत. मुंबई शहर सोडून महाराष्ट्र, कर्नाटक, मध्य प्रांत आणि वऱ्हाड टिळकांकडे, बाकीचा देश बाईंकडे, अशी वाटणी होती. एका बंद फाटकाबाहेर उभ्या राहिलेल्या मुलींचं म्हणणं छापून देशभर नेण्याची सवय त्यांना बोमध्ये लागली होती. होमरूलच्या प्रचारात तीच उपयोगी पडली, असं मला वाटतं.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. आज तिथे दिसणारी मोठी इमारत संपाच्या वेळची नाही. ती बहुतांशी १९०९ ते १९११ या काळात नव्याने बांधलेली आहे. तेव्हा तो लंडनमधल्या सर्वांत मोठ्या कारखान्यांपैकी एक होता आणि तिथे दोन हजारांवर बायका कामाला होत्या. आज लॉफ्टच्या जाहिरातीत मिरवणाऱ्या त्या मोठ्या खिडक्या यंत्रावरच्या कामाला दिवसाचा उजेड मिळावा म्हणून होत्या. मजले सलग ठेवले ते यंत्रांच्या रांगांसाठी. दोन मनोरे पाण्याच्या टाक्यांचे, कारण काडेपेटीच्या कारखान्याचं पहिलं भय आग.

कारखाना १९७९मध्ये बंद पडला. आसपास बेकारी होती, रिकाम्या इमारतीला वापर नव्हता. तिचं घरांत रूपांतर झालं म्हणून ती वाचली, आणि हे मी मनापासून चांगलं मानते. पाडली असती तर विटांबरोबर जागेची खूणही गेली असती. माझी तक्रार फाटकाबद्दल आहे. इथे काम केलेल्या बायकांच्या नाती-पणत्या त्याच भागात राहत होत्या. त्यांना आत जायला काही कारण उरलं नाही. पूर्व लंडनमधल्या अशा बंदिस्त वसाहतींपैकी ही अगदी सुरुवातीची.

२०१२च्या ऑलिंपिकआधी संरक्षण खात्याने लेक्सिंग्टनच्या पाण्याच्या मनोऱ्यावर विमानवेधी क्षेपणास्त्रं ठेवायचं ठरवलं. रहिवाशांना ते दारात पडलेल्या पत्रकातून कळलं. त्या उन्हाळ्यात सैनिक त्या छतावर होते. आपल्या इमारतीविषयी आपल्याला कुणी विचारलं नाही, ही रहिवाशांची चीड खरी होती.

मुंबईच्या गिरणगावात वाढलेल्या कुणालाही हे वाचून लालबाग-परळ आठवेल. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार होते. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या आणि प्रश्न उरला तो त्यांच्या जमिनीचा. ती सहाशे एकरांच्या घरातली. १९९१च्या नियमानुसार ती तीन हिश्शांत जायची होती: मोकळी जागा, परवडणारी घरं आणि मालक. २००१च्या दुरुस्तीने पहिले दोन हिस्से फक्त मोकळ्या जमिनीपुरते उरले, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००६मध्ये ती दुरुस्ती कायम ठेवली. बोमध्ये इमारती राहिल्या, मुंबईत बहुतेक ठिकाणी त्याही राहिल्या नाहीत. एखादी चिमणी मॉलच्या वाहनतळाजवळ दिसते. खातं कुठे होतं, भोंगा कुठून वाजायचा, हे सांगणारी माणसं आता म्हातारी झाली आहेत. त्यांच्याकडून ते लिहून घेण्याचं काम कुणा विकसकाकडे सोपवता येणार नाही.

बोमध्ये असं काम लोकांनीच केलं. संपातली सेरा चॅपमन १९४५मध्ये वारली. तिला निनावी, सामायिक कबरीत पुरलं. ती कबर शोधून काढली तिच्या वंशजांनी आणि संपाचा अभ्यास करणाऱ्या लोकांनी. त्यांच्याच रेट्यामुळे आणखी काही घडलं. २०२२मध्ये इंग्लिश हेरिटेज या संस्थेने काडेपेटीच्या पोरींच्या संपाची निळी पाटी त्या जुन्या कारखान्यावर लावली.