डेव्हिस-बेसीची दोन वर्षे : सुरक्षा निरीक्षण आणि त्याचे अनुपालन

लेखापरीक्षकाने आक्षेप घ्यावा, कार्यालयाने त्याचे अनुपालन सादर करावे आणि ते समाधानकारक वाटल्यास परिच्छेद वगळला जावा, ही पद्धत जिल्हा परिषदेच्या कामकाजाशी संबंध आलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. अणुविद्युत केंद्राच्या सुरक्षा निरीक्षणाची रीतही स्थूलमानाने अशीच असते. नियामक संस्थेचे निरीक्षक केंद्राची पाहणी करतात, त्रुटी नोंदवितात व तिचे गांभीर्य ठरवितात. केंद्राने त्रुटीचे मूळ शोधून दुरुस्ती करावयाची आणि ती खरोखर झाली आहे याची खात्री निरीक्षकांनी पुन्हा येऊन करून घ्यावयाची. मात्र येथे अनुपालन कागदावर पुरे होऊन प्रत्यक्षात राहून गेले, तर त्याचा परिणाम दप्तरापुरता राहत नाही. अमेरिकेच्या ओहायओ राज्यातील डेव्हिस-बेसी केंद्रात २००२ साली जे आढळून आले, त्यावरून हे चांगले समजून घेता येते.

हे केंद्र ईरी सरोवराच्या काठी, ओक हार्बर या लहानशा गावाजवळ आहे. १९७८ पासून ते व्यापारी तत्त्वावर वीजनिर्मिती करू लागले. त्याचा पूर्वेतिहास तसा निर्वेध नव्हता. सप्टेंबर १९७७ मध्ये, चाचणीच्या काळातच, येथील दाब कमी करणारी एक झडप उघडी राहून गेली होती. तशीच झडप उघडी राहिल्याने मार्च १९७९ मध्ये थ्री माईल आयलंड येथे मोठा अपघात घडला. पुढे जून १९८५ मध्ये डेव्हिस-बेसीचा पाणीपुरवठा खंडित होऊन केंद्र दीर्घकाळ बंद ठेवावे लागले होते. दोनदा ठेच लागलेल्या केंद्राने अधिक जागरूक असावे, अशी अपेक्षा कोणीही केली असती.

झाकण आणि आम्ल

या प्रकारच्या अणुभट्टीत इंधन एका जाड पोलादी दाबपात्रात असते. त्यातील पाणी अतिशय तापते. परंतु वातावरणाच्या सुमारे दीडशे पट दाबाखाली ठेवलेले असल्याने ते उकळत नाही. पात्राच्या वर पोलादाचे घुमटाकार झाकण असते. डेव्हिस-बेसी येथील झाकण सुमारे १७ सेंटिमीटर जाडीचे होते आणि त्यातून ६९ नळ्या आरपार गेलेल्या होत्या. अणुविखंडनाचा वेग आवरणारे नियंत्रक दांडे या नळ्यांच्या मार्गाने खालीवर होतात.

विखंडनाच्या नियंत्रणासाठीच पाण्यात बोरिक आम्लही मिसळलेले असते. हे आम्ल सौम्य खरे. पण गळती होऊन पाण्याची वाफ झाली की ते मागे साचून घट्ट होते आणि साध्या पोलादाला खाऊ लागते. म्हणून पात्राला व झाकणाला आतून गंजरोधक पोलादाचे पातळ अस्तर दिलेले असते. झाकणाच्या बाहेरच्या बाजूला मात्र असे अस्तर नसते. तेथे आम्ल पोचणारच नाही, हे गृहीत धरलेले असते.

२००१ च्या प्रारंभी दक्षिण कॅरोलिना राज्यातील ओकोनी केंद्रात या नळ्यांना तडे गेल्याचे दिसले. त्यातील काही तडे नळीच्या परिघाभोवती होते. असा तडा वाढत गेला तर नळी तुटून वर फेकली जाईल आणि पात्रातील पाणी वेगाने बाहेर पडेल, ही भीती होती. अमेरिकेच्या अणुऊर्जा नियामक आयोगाने ऑगस्ट २००१ मध्ये परिपत्रक काढून तशा सर्व केंद्रांकडून माहिती मागविली. ज्यांना धोका अधिक, त्यांनी ३१ डिसेंबर २००१ पूर्वी नळ्यांची तपासणी करावी, अशी आयोगाची अपेक्षा होती. डेव्हिस-बेसीचा समावेश याच गटात होत होता.

केंद्र चालविणाऱ्या फर्स्टएनर्जी कंपनीने मुदतवाढ मागितली. मार्च २००२ अखेर इंधन बदलण्यासाठी केंद्र बंद व्हावयाचेच होते. तपासणी तेव्हा करावी, असे तिचे म्हणणे होते. पूर्वीच्या तपासण्यांत झाकण नीट पाहिले असल्याची ग्वाहीही उत्तरात होती. आयोगाने केंद्र बंद करण्याच्या आदेशाचा मसुदा नोव्हेंबरमध्ये तयार केला होता. तो निघाला नाही. डिसेंबरच्या आरंभी तडजोड होऊन १६ फेब्रुवारी २००२ ही तारीख ठरली. आयोगाच्या महानिरीक्षकांनी पुढे या निर्णयाची चौकशी केली, तेव्हा कंपनीवरील आर्थिक भार हलका करण्याचा विचार त्यामागे मोठ्या प्रमाणात होता, असा निष्कर्ष निघाला. महानिरीक्षकांनी नियामक संस्थेच्या पदरीही दोषाचे माप टाकले, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

धोक्याच्या खुणा मात्र कितीतरी आधीपासून दिसत होत्या. १९९९ पासून संरक्षक इमारतीतील हवेची तपासणी करणाऱ्या यंत्राच्या गाळण्या तपकिरी कणांनी वारंवार तुंबत असत. हे कण गंजाचे होते. २००१ च्या अखेरीस त्या गाळण्या एक दिवसाआड बदलाव्या लागत. हवा थंड करणाऱ्या यंत्रांवर आम्लाचा थर बसे. तोही पुन:पुन्हा धुऊन काढला जाई. एप्रिल २००० मध्ये इंधन बदलताना झाकणाच्या छिद्रांतून ओघळलेल्या तांबूस थराची छायाचित्रे घेण्यात आली होती. त्या वेळी थर काही अंशी धुतला, उरलेला तसाच राहिला आणि केंद्र पुन्हा सुरू झाले. गाळणी बदलणाऱ्या कामगाराने आपले काम चोख केले होते. ती एवढ्या लवकर का भरते, हा प्रश्न शेवटपर्यंत तडीस नेण्याची जबाबदारी कोणावर आहे, हे मात्र ठरलेले नव्हते.

ठरलेल्या दिवशी, १६ फेब्रुवारीला केंद्र बंद झाले. तपासणीत पाच नळ्यांना तडे आढळले. त्यांतील तीन नळ्यांचे तडे आरपार गेलेले होते. मार्चच्या पहिल्या आठवड्यात तिसऱ्या क्रमांकाच्या नळीची दुरुस्ती चालू असता ती जागेवरून हलली. १७ सेंटिमीटर पोलादात घट्ट बसविलेली नळी हलणे शक्यच नव्हते. साचलेले आम्ल काढून पाहता नळीशेजारी मोठा खळगा सापडला. तेथील पोलाद पूर्णपणे नाहीसे झाले होते. पात्रातील प्रचंड दाब थोपवून धरीत होते ते केवळ आतले गंजरोधक अस्तर. त्याची जाडी एक सेंटिमीटरसुद्धा नव्हती, आणि दाब पेलावा म्हणून ते दिलेलेही नव्हते.

अनुपालनाची दोन वर्षे

१३ मार्च २००२ रोजी आयोगाने कंपनीला पत्र देऊन आपल्या अनुमतीवाचून केंद्र सुरू करता येणार नाही, असे बजावले. एप्रिलच्या अखेरीस देखरेखीसाठी खास मंडळ नेमण्यात आले. आयोगाच्या पद्धतीत निष्कर्षांना हिरवा, पांढरा, पिवळा आणि लाल असे चढते रंग दिले जातात. झाकणाच्या निष्कर्षाला लाल रंग मिळाला.

झाकण बदलणे हा उत्तराचा तुलनेने सोपा भाग ठरला. १९८४ मध्ये सोडून देण्यात आलेल्या मिशिगनमधील मिडलँड प्रकल्पाचे न वापरलेले झाकण उपलब्ध होते. ते आत नेण्यासाठी संरक्षक इमारतीची भिंत कापावी लागली. परंतु एक त्रुटी इतके दिवस नजरेआड राहिली, तर इतर किती राहिल्या असतील, असा प्रश्न आयोगाने विचारला आणि शोध विस्तारत गेला. अपघातसमयी सांडलेले पाणी पुन्हा वापरात आणणाऱ्या कुंडाची जाळी फार लहान असल्याचे आढळले. तिचे क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस फुटांवरून १२०० चौरस फुटांपर्यंत वाढविण्यात आले. उच्च दाबाने पाणी सोडणाऱ्या पंपांत कचरा अडकून ते निकामी होण्याची शक्यता दिसल्याने त्यांतही बदल झाले. पात्राच्या तळाची तपासणी करून संपूर्ण यंत्रणा नेहमीच्या दाबावर काही दिवस ठेवून गळती नसल्याचे पाहण्यात आले.

मनुष्यबळाच्या बाबतीत काम अधिक कठीण होते. वरिष्ठ व्यवस्थापक बदलले गेले. शंका मांडणाऱ्या कर्मचाऱ्याचे म्हणणे ऐकून घेतले जाते की नाही, याची पाहणी झाली. देखरेख मंडळाच्या जाहीर बैठका केंद्राच्या परिसरातच होत. तेथे नागरिकांना प्रश्न विचारता येत असत. कंपनीने नेमलेल्या पुनरारंभ समितीत त्या काउंटीचा प्रशासकही होता. ८ मार्च २००४ रोजी पुनरारंभास अनुमती मिळाली. तीही पुढील पाच वर्षे दरवर्षी बाहेरच्या तज्ज्ञांकडून परीक्षण करून घेण्याच्या अटीवर. या साऱ्याचा खर्च, पर्यायी वीजखरेदी धरून, सुमारे ६० कोटी डॉलर झाला. चुकीची व अपुरी माहिती दिल्याबद्दल आयोगाने २००५ मध्ये ५४.५ लक्ष डॉलर दंड केला. जानेवारी २००६ मध्ये न्याय विभागाशी झालेल्या समझोत्यानुसार कंपनीने आणखी २.८ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. पुढे ढकललेल्या तपासणीचे ते दीड महिने असे महागात पडले.

महाराष्ट्रातील तारापूरच्या १९६९ पासूनच्या दोन जुन्या अणुभट्ट्या निराळ्या प्रकारच्या आहेत. त्यांत पाणी पात्रातच उकळते आणि विखंडनाच्या नियंत्रणासाठी त्यात बोरिक आम्ल मिसळलेले नसते. तेव्हा हाच दोष तेथे शोधण्याचे कारण नाही. परंतु निरीक्षणाचे अनुपालन तारापूरलाही चुकलेले नाही. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक परिषदेने या अणुभट्ट्यांचा सर्वंकष सुरक्षा आढावा घेतला. त्याला अनुसरून २००५ च्या अखेरीपासून २००६ च्या आरंभापर्यंत दोन्ही भट्ट्या एकाच वेळी बंद ठेवून सुधारणा करण्यात आल्या. आणीबाणीसाठी अधिक क्षमतेची नवी डिझेल जनित्रे बसविली गेली, दोन्ही भट्ट्यांचा सामाईक वीजपुरवठा वेगळा करण्यात आला, पर्यायी नियंत्रण कक्ष उभारला गेला आणि अग्निसंरक्षणात वाढ करण्यात आली. वीज कमी पडत असताना चालू केंद्र बंद ठेवणे कोणत्याही व्यवस्थापनाला जड जाते. तरीही ही कामे भट्ट्या बंद ठेवूनच पार पाडण्यात आली.

डेव्हिस-बेसीचे मिडलँडहून आणलेले झाकणही फार काळ टिकले नाही. २०१० मध्ये इंधन बदलताना त्याच्या नळ्यांनाही तडे आढळले. या वेळी ते नियमित तपासणीतच, पोलाद झिजण्यापूर्वी सापडले. कंपनीने नळ्या दुरुस्त केल्या आणि अधिक टिकाऊ धातूच्या नळ्या असलेले नवे झाकण ठरल्यापेक्षा लवकर, ऑक्टोबर २०११ मध्ये बसवावयास घेतले. ते आत नेण्यासाठी काँक्रीटची बाहेरची भिंत कापली, तेव्हा तिच्यातही बारीक तडे दिसले. त्यांचा संबंध १९७८ च्या हिमवादळाशी लावण्यात आला आणि भिंतीच्या नियमित तपासणीचा नवा कार्यक्रम आयोगासमोर आला. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राचा परवाना २०३७ पर्यंत वाढविण्यात आला.