रोजचं विज्ञान : वळीव दुपारनंतरच का येतो?

मे महिन्यात पाचगणी-महाबळेश्वरला सकाळी आभाळ निरभ्र असतं. तीन-चार वाजले की डोंगरामागून काळे ढग चढतात आणि वळीव कोसळतो. असं का होतं?

सह्याद्रीचे उघडे कातळ दिवसभर तापतात. त्यांना टेकलेली हवा हलकी होऊन वर उठते आणि तिची जागा घ्यायला अरबी समुद्रावरचा दमट वारा कोकणातून घाट चढतो. वर जाताना तो गार होतो, बाष्पाचे थेंब बनतात. खरी गंमत इथे आहे: बाष्पाचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते आणि तीच ढगाला आणखी वर ढकलते. बघता बघता ढग १०-१२ किलोमीटर उंच जातो. त्याच्या गोठलेल्या वरच्या भागात बर्फाचे कण आणि गारा एकमेकांवर आदळून विद्युतभार साठतो, मग वीज कडाडते.

पावसाआधी अंगावर येणारा गार वारा म्हणजे ढगातून खाली कोसळलेली थंड हवा. तो लागला की उघड्या पठारावर थांबू नका, झाडाखाली तर मुळीच नको. पक्कं घर किंवा बंद गाडी गाठा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप आसपासच्या विजांचा इशारा देतं. उन्हाळ्यात गडावर निघणाऱ्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये ते असायलाच हवं.