ठिबकचा क्षार, अ‍ॅसिड आणि साधे त्रैराशिक



ठिबकवर ऊस घेणाऱ्यांची एक तक्रार आम्हांस नेहमी ऐकू येते : ड्रिपर चोंदले, सरीच्या शेवटच्या उसाला पाणी पोचत नाही. विहिरीच्या जड पाण्यातला चुना ड्रिपरच्या तोंडाशी साचतो. तो हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडने विरघळतो. पण ‘टाका टोपणभर, बघू’ हा हिशेब येथे चालत नाही.

कॅन भिवंडीच्या गोदामातून आलेला असो की तालुक्याच्या दुकानातला, आधी लेबल वाचावे. समजा ‘३३ टक्के, घनता १.१६’ असे लिहिले आहे. हे टक्के वजनाचे असतात, मापाचे नव्हेत. म्हणजे १ लिटरचे वजन १,१६० ग्रॅम. त्यात शुद्ध अ‍ॅसिड सुमारे ३८३ ग्रॅम. या अ‍ॅसिडचा १ मोल म्हणजे ३६.५ ग्रॅम. भागाकार केला की उत्तर १०.५. हीच त्याची मोलॅरिटी, म्हणजे दर लिटरला १०.५ मोल.

आता सुटे ड्रिपर भिजविण्यासाठी ०.५ मोलॅरिटीचे १० लिटर द्रावण हवे आहे. त्यात एकूण मोल लागतात ०.५ × १० = ५. म्हणून ५ ÷ १०.५ = ०.४७६ लिटर, म्हणजे ४७६ मि.लि. अ‍ॅसिड. एवढ्या द्रावणात सुमारे २५० ग्रॅम चुनखडी विरघळते. जास्त अ‍ॅसिड ओतून पैसेच वाया.

हेच माप गंधकाच्या अ‍ॅसिडला लावू नये. ते ९८ टक्के व घनता १.८४ असले, तर मोलॅरिटी १८.४ भरते. शिवाय चुन्याशी त्याचे जिप्सम बनते आणि छिद्रे उलट बुजतात.

द्रावण करताना प्लॅस्टिकच्या बादलीत आधी ९ लिटर पाणी घ्यावे. त्यात अ‍ॅसिड हळूहळू सोडावे, मग पाण्याने १० लिटर पुरे करावे. अ‍ॅसिडवर पाणी कधीही ओतू नये. उष्णतेने उसळून अंगावर येते. रबरी हातमोजे व चष्मा हवाच, काम उघड्यावर करावे. अ‍ॅसिड अंगावर उडालेच तर भरपूर पाण्याने धूत राहावे व डॉक्टर गाठावा. ब्लीचिंग पावडरशी अ‍ॅसिडचा संबंध येऊ देऊ नये; त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

फेस थांबला की ड्रिपर स्वच्छ पाण्याने धुवावेत. चालू लाइनीत अ‍ॅसिड सोडायचे असेल, तर हिशेब वेगळा. त्यासाठी पाण्याचा नमुना व कॅनवरचे लेबल उतरवून गट कार्यालयात यावे. मोजून दिलेले औषध, अंदाजाने दिलेले विष!