दर एकाच जागी लिहा, बाकी शीट स्वतः शोधेल : मासळीच्या हिशेबासाठी ‘लूकअप’ची सोपी ओळख

दाभोळ (ता. दापोली) : बोट धक्क्याला लागली, मासळी उतरली, लिलाव झाला. इथपर्यंतचं काम सगळ्यांच्या सवयीचं. डोकेदुखी सुरू होते ती रात्री हिशेबाला बसल्यावर. पापलेट किती किलो, त्याचा दर काय, बांगडा किती, कोळंबी किती. डिझेल, बर्फ आणि रेशनचा खर्च वजा करून मालकाचा वाटा किती आणि तांडेल-खलाशांचा किती. हल्ली हा हिशेब वहीबरोबर मोबाईलमधल्या गूगल शीट्सवरही ठेवता येतो. पण अनेक जण शीटचा उपयोग नुसत्या वहीसारखा करतात. प्रत्येक ओळीत दर हाताने लिहितात. महिन्याला दोनशे ओळी झाल्या की दोनशे वेळा दर लिहायचा आणि दोनशे वेळा चुकायची संधी.

यावर साधा उपाय आहे. दर एका वेगळ्या शीटमध्ये एकदाच लिहायचा. विक्रीच्या शीटमध्ये फक्त माशाचं नाव टाकायचं. नाव पाहून दर शोधून आणायचं काम फॉर्म्युला करतो. यालाच ‘लूकअप’ म्हणतात. मात्र तो नीट लिहिला नाही तर चुकीचा दर गुपचूप आणून ठेवतो आणि कुणाला पत्ताही लागत नाही. म्हणून करायचं कसं, याबरोबर फसतं कुठे, हेही समजून घ्यायला हवं.

दोन शीट अशा तयार करा

एकाच फाईलमध्ये खाली ‘अधिक’चं चिन्ह दाबून दोन शीट घ्या. एकीला ‘दर’ आणि दुसरीला ‘विक्री’ असं नाव द्या.

‘दर’ शीटमध्ये दोनच रकाने ठेवा. ए रकान्यात मासा, बी रकान्यात किलोचा दर. उदाहरणापुरते आकडे धरू : कोळंबी ३००, पापलेट ९००, बांगडा १५०, सुरमई ६००.

‘विक्री’ शीटमध्ये पाच रकाने : ए मध्ये तारीख, बी मध्ये मासा, सी मध्ये किलो, डी मध्ये दर आणि ई मध्ये रक्कम. पहिली ओळ मथळ्याची, म्हणजे हिशेब दुसऱ्या ओळीपासून सुरू.

आता डी२ या सेलमध्ये हा फॉर्म्युला लिहायचा :

=एक्सलूकअप(बी२, 'दर'!ए:ए, 'दर'!बी:बी, "दर नाही")

इथे तो उच्चाराप्रमाणे दिला आहे. मोबाईलवर टाकताना फॉर्म्युल्याचं नाव आणि रकान्यांची अक्षरं इंग्रजीत टाइप करायची. स्पेलिंग एक्स-एल-ओ-ओ-के-यू-पी. आकडेही इंग्रजी अंकांत टाकलेले बरे. शीटचं नाव आणि माशांची नावं मात्र मराठीत चालतात. नाव मराठीत असेल तर त्याला एकेरी अवतरणचिन्ह द्या, म्हणजे घोळ होत नाही.

या फॉर्म्युल्याचे चार भाग आहेत. पहिला, काय शोधायचं : बी२ मधला मासा. दुसरा, कुठे शोधायचं : ‘दर’ शीटचा ए रकाना. तिसरा, सापडल्यावर काय आणायचं : त्याच ओळीतला बी रकान्यातला दर. चौथा, सापडलं नाही तर काय लिहायचं : ‘दर नाही’. मधलं उद्गारचिन्ह म्हणजे ‘या शीटमधून’ अशी खूण.

ई२ मध्ये =सी२*डी२ लिहा. मग डी२ आणि ई२ कॉपी करून खालच्या सगळ्या ओळींत पेस्ट करा. बी२ चं बी३, बी४ आपोआप होत जातं. आता बी मध्ये ‘पापलेट’ आणि सी मध्ये १२ टाकलं की दर ९०० आणि रक्कम १०,८०० समोर येते.

जुना फॉर्म्युला आणि शेवटचा शब्द

कम्प्युटर क्लासमध्ये शिकलेल्या मुलांना बहुतेक व्हीलूकअप माहीत असतो. तोही चालतो :

=व्हीलूकअप(बी२, 'दर'!ए:बी, २, फॉल्स)

यातला २ म्हणजे ‘दुसऱ्या रकान्यातलं आण’. पण खरी मेख आहे शेवटच्या ‘फॉल्स’ या शब्दात. तो लिहिला तर शीट नेमकं तेच नाव शोधते. तो गाळला तर शीट ‘जवळपासचं’ नाव चालवून घेते. बहुतेक घोळ इथेच होतो.

वरची दरयादी अक्षरांच्या क्रमाने आहे : कोळंबी, पापलेट, बांगडा, सुरमई. समजा, एके दिवशी बोंबील आले. बोंबलाचा दर यादीत टाकायचा राहून गेला. लिलावात दर मिळाला १०० आणि माल होता ६० किलो, म्हणजे खरे पैसे ६,०००. ‘फॉल्स’ नसेल तर फॉर्म्युला बोंबलाच्या जरा आधी येणारं नाव पकडतो, ते म्हणजे बांगडा. दर येतो १५० आणि रक्कम ९,०००. एरर नाही, लाल खूण नाही, काहीच नाही. हिशेबात ३,००० रुपये जास्त आणि हातात कमी. आता संशय कोणावर? ज्याने पैसे घेतले त्याच्यावर.

उलटंही होतं. रावस यादीत नसेल तर त्यालाही बांगड्याचाच दर लागतो. २० किलो रावस ५०० ने गेला असेल तर १०,००० मिळायला हवेत, शीट दाखवते ३,०००. वाटणी शीटवरून झाली तर तेवढा खलाशांचा वाटा घटला. यादी अक्षरांच्या क्रमाने नसेल तर कुठल्या माशाचा दर येईल याचा नेमच नाही.

एक्सलूकअप या बाबतीत बरा. तो काही न सांगता नेमकंच नाव शोधतो. शिवाय ‘दर’ शीटमध्ये पुढे मधे एखादा रकाना घातला तरी तो बिघडत नाही. व्हीलूकअपमधला २ मात्र २ च राहतो आणि भलताच रकाना आणतो.

‘जवळपासचं’ कधी चालतं?

ही सोय निरुपयोगी नाही. आंब्याची प्रतवारी घ्या. समजा २०० ग्रॅमपासून एक प्रत, २५० पासून दुसरी, ३०० पासून तिसरी. फळ २७० ग्रॅमचं असेल तर यादीत २७० सापडणार नाही, पण ते २५० च्या प्रतीत बसायला हवं. इथे व्हीलूकअपमध्ये ‘फॉल्स’ऐवजी ‘ट्रू’ लिहायचं आणि यादी लहान आकड्यापासून मोठ्याकडे लावायची. टप्प्यांचे आकडे असतील तर ‘ट्रू’, नावं असतील तर ‘फॉल्स’, एवढं ध्यानात ठेवलं की झालं.

नाव दिसतं, तरी दर येत नाही

कधी यादीत ‘सुरमई’ डोळ्यांना दिसत असते, तरी ‘दर नाही’ येतं. व्हीलूकअप असेल तर ‘एन/ए’ अशी एरर येते. कारण बहुतेक वेळा नावातच असतं. एकीकडे ‘सुरमई’, दुसरीकडे ‘सुरमय’. नाहीतर नावाच्या शेवटी नकळत एक स्पेस पडलेली. मोबाईलचा कीबोर्ड शब्द सुचवतो तेव्हा ही स्पेस हमखास येते. माणसाला ती दिसत नाही, शीटला दिसते.

यासाठी बी२ ऐवजी ट्रिम(बी२) लिहिलं की विक्रीच्या शीटमधल्या नावाच्या पुढच्या-मागच्या रिकाम्या जागा गळतात. ‘दर’ शीटमधली नावं मात्र एकदा हाताने तपासून घ्या. त्याहून चांगलं म्हणजे ‘डेटा व्हॅलिडेशन’मधून बी रकान्याला ड्रॉपडाउन यादी लावा. मग नाव टाइप करायचं नाही, नुसतं निवडायचं.

एरर दिसते म्हणून ती झाकण्यासाठी काही जण तिथे शून्य येईल अशी सोय करतात. ते टाळा. शून्य बेरजेत मुकाट्याने मिसळतं. ‘दर नाही’ असेल तर पुढे रकमेच्या रकान्यात एरर येते आणि खालची बेरीजही अडते. अडलेली बेरीज त्रासाची वाटते, पण वाटणीच्या आधी अडलेली कधीही बरी.

दर रोज बदलतो, त्याचं काय?

मासळीचा दर रोज वेगळा. आज पापलेट ९०० ने गेलं म्हणून लिहिलं. उद्या ‘दर’ शीटमध्ये ९०० खोडून ८०० केलं, तर कालच्या ओळीतला दरही ८०० होतो! फॉर्म्युला दर लिहून ठेवत नाही, दर वेळी नव्याने शोधतो. झालेला हिशेब असा मागे जाऊन बदलतो.

खाली नवीन ओळ लिहून पुन्हा ‘पापलेट ८००’ टाकलं तरी भागत नाही. एकच नाव दोनदा असेल तर वरचं, म्हणजे जुनं, पहिलं सापडतं आणि तोच दर येत राहतो.

यावर दोन मार्ग. पहिला सोपा : दिवसाचा हिशेब पुरा झाला की डी रकान्यातले त्या दिवसाचे सेल कॉपी करा आणि त्याच जागी ‘पेस्ट स्पेशल’मधून ‘व्हॅल्यूज’ पेस्ट करा. फॉर्म्युला जातो, आकडा पक्का राहतो.

दुसरा मार्ग पक्का : ‘दर’ शीटमध्ये तारीख, मासा आणि दर असे तीन रकाने ठेवा आणि रोजच्या दराची नवी ओळ लिहा. मग तारीख आणि मासा दोन्ही जुळवून दर आणायचा. त्यासाठी ‘दर’ शीटच्या चौथ्या रकान्यात =ए२&बी२ लिहून तारीख-मासा जोडून घ्या. विक्रीच्या शीटमध्येही तसंच जोडून शोधा :

=एक्सलूकअप(ए२&बी२, 'दर'!डी:डी, 'दर'!सी:सी, "दर नाही")

तारीख दोन्ही शीटमध्ये एकाच पद्धतीने लिहायची, एवढं पथ्य पाळा. वर्षभराचा दर हाताशी राहतो, हा वरचा फायदा.

खाडीपलीकडची गोष्ट

शीटमधल्या चुका शिकाऊ माणसाच्याच होतात, असं कुणी समजू नये. दाभोळचं नाव जगभर गेलं ते एन्रॉनमुळे. प्रकल्प खाडीपलीकडे गुहागर तालुक्यात अंजनवेलला, पण कंपनीचं नाव दाभोळ पॉवर कंपनी. पुढे २००१ च्या डिसेंबरात अमेरिकेत एन्रॉनने दिवाळखोरी जाहीर केली. ती बुडाली हिशेबातल्या लबाडीने, फॉर्म्युल्याच्या चुकीने नव्हे. पण चौकशीच्या ओघात तिच्या माणसांचे ईमेल खुले झाले आणि त्यांना जोडलेल्या स्प्रेडशीटही अभ्यासकांच्या हाती आल्या.

फेलिएन हर्मन्स आणि इमर्सन मर्फी-हिल या दोघांनी अशा १५ हजारांहून अधिक स्प्रेडशीट तपासून २०१५ मध्ये निष्कर्ष मांडले. ज्या शीटमध्ये एक तरी फॉर्म्युला होता, त्यातल्या २४ टक्क्यांमध्ये एरर दिसत होती. एवढी मोठी कंपनी, पगारी तज्ज्ञ, तरी चारातली जवळजवळ एक शीट अडलेली. आणि ही गणती दिसणाऱ्या एररची. बोंबलाला बांगड्याचा दर लागावा तशी गुपचूप चूक अशा मोजणीत येतच नाही.

वाटणीआधी दोन मिनिटांची तपासणी

शीट बरोबर आहे का, हे पाहायला तज्ज्ञ लागत नाही. ‘विक्री’ शीटच्या एका रिकाम्या ओळीत माशाच्या जागी ‘झाड’ असं लिहा. ड्रॉपडाउन लावलेली असेल आणि ती असा शब्द घेत नसेल, तर ही परीक्षा ती लावण्याआधी करा. ‘दर नाही’ किंवा एरर आली तर फॉर्म्युला इमानदार आहे. झाडालाही किलोचा दर आला, तर ‘फॉल्स’ राहून गेला आहे. तो दुरुस्त करून मगच पुढे जा. तपासून झालं की ती ओळ पुसायला विसरू नका.

त्यानंतर व्यापाऱ्याच्या कुठल्याही तीन पावत्या काढून शीटमधल्या रकमेशी ताडून पाहा. शेवटी ‘शेअर’मधून तांडेल आणि खलाशांना ‘व्ह्यूअर’ म्हणून जोडा. त्यांना हिशेब दिसेल, पण कुणाचा हात लागून बदलणार नाही. वाटणीच्या दिवशी शीट सगळ्यांच्या मोबाईलवर उघडी असली की आकड्यावरून होणारी अर्धी भांडणं तिथेच मिटतात.