बहुरूप्याला ठिगळ कोणी लावावे?

भाऊबीजेला पौडला जायचे, ताईकडून ओवाळून घ्यायचे, ताटात यथाशक्ति काही घालायचे आणि अनारशांवर हात मारून संध्याकाळच्या एस. टी.ने पुण्याला परतायचे, हा माझा दरसालचा शिरस्ता. चांदणी चौक मागे पडला, भूगाव-पिरंगुटची कारखान्यांची गर्दी सरली, की रस्त्याच्या कडेला भाताची खाचरे दिसू लागतात. दिवाळीच्या सुमारास कापणी चालू असते. त्या ओल्या पेंढ्याचा वास नाकात शिरला, की प्राध्यापकी तिथेच गळून पडते आणि उरतो तो नुसता मामा.

गेल्या वर्षी मात्र मी पाटावर बसलो तरी भाचेबुवांचा पत्ता नव्हता.

"चिरंजीव कुठे आहेत?" मी विचारले.

"माळ्यावर बसलाय रुसून," ताई निरांजन सारखे करीत म्हणाली. "त्याने काहीतरी करून पाठवलं होतं, ते परदेशातल्या लोकांनी परत केलं म्हणे. सकाळपासून चकलीलासुद्धा शिवला नाही. तूच बघ बाई— बाबा, आता!"

'साभार परत' या दोन शब्दांचे दुःख मराठीच्या अध्यापकाला काय सांगावे! मी फराळाची बशी घेऊन माळ्यावर गेलो. भाचा संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला. समोर जुना लॅपटॉप, चेहरा सुतकी.

"मामा, तुम्हांला नाही कळायचं ते."

"समजावून तर सांग. वर्गात मीही हेच करतो."

त्याने सांगितले ते असे. हातात धरून खेळायची छोटी खेळयंत्रे असतात. निन्टेंडो या जपानी कंपनीने १९८९ साली 'गेम बॉय' काढला आणि २००१ साली त्याचा धाकटा भाऊ 'गेम बॉय ॲडव्हान्स'. त्याचा पडदा आडवा २४० आणि उभा १६० ठिपक्यांचा. ही यंत्रे आता दुकानात मिळत नाहीत. पण साध्या संगणकाला त्या यंत्राचे सोंग घ्यायला लावता येते. सोंग आणणाऱ्या त्या प्रणालीला 'एम्युलेटर' म्हणतात.

"म्हणजे बहुरूपीच की!" मी म्हणालो. "फौजदाराचा वेष करून दारात येतो आणि क्षणभर घरच्यांनाही धडकी भरवतो."

भाचा पहिल्यांदा हसला. "तसंच. आणि या बहुरूप्याचा अंगरखा कसा शिवलाय, ते सगळ्यांना उघड दाखवलेलं असतं. कुणीही पाहावं, बदलावं, दुसऱ्याला द्यावं. यालाच ओपन सोर्स म्हणतात."

आता रुसव्याचे मूळ. शेजारचा एक मुलगा भाच्याचा बालमित्र. लहानपणी कडबाकुट्टीत त्याच्या डाव्या हाताची तीन बोटे गेली. या खेळांत डाव्या हाताने दिशेची कळ दाबून ठेवायची आणि त्याच वेळी उजव्या हाताने उडी मारायची असते. याला ते जमत नसे. सगळे खेळत आणि हा शेजारी बसून पाहत असे. भाच्याने महिनाभर जागून, एकदा दाबली की दाबलेलीच राहील आणि पुन्हा दाबली की सुटेल, अशी दिशेची कळ एम्युलेटरमध्ये बसवली. आता एका हाताने खेळता येऊ लागले. पहिल्यांदा तो मित्र नदीवरचा पूल ओलांडून पलीकडच्या किल्ल्यात शिरला, तेव्हा या माळ्यावर म्हणे मोठा जल्लोष झाला. (हा किल्ला अर्थात पडद्यावरचा. पौडकरांनी गैरसमज करून घेऊ नये.)

ही सोय सर्वांना मिळावी म्हणून भाच्याने ती मूळ प्रणाली सांभाळणाऱ्या मंडळींकडे पाठवली. त्यांनी ती परत केली.

"एका हाताच्या माणसाला खेळता येतं, तर यांच्या बापाचं काय जातं?" त्याचा आवाज चढला. क्षणभर मलाही तसेच वाटले. पण परत आलेल्या हस्तलिखितासोबतची चिठ्ठी वाचल्याशिवाय संपादकाला शिव्या देऊ नयेत, हा धडा मी फार उशिरा शिकलो आहे. मी ती चिठ्ठी वाचून दाखवायला सांगितली.

चिठ्ठी सभ्य होती. भाच्याने कळ एकटी पाठवली नव्हती. एकाच गाठोड्यात पाच जिनसा बांधल्या होत्या: ती कळ, मराठीतील सूचना, नवे रंग, मोठी अक्षरे आणि एक बटण, जे दाबले की इंटरनेटवरून खेळ आपोआप उतरवून घेतले जातील. मंडळींचे म्हणणे असे, की एक चांगले म्हणून पाचही घ्या, असे आम्हांला करता येत नाही. कळ दाबलेली असताना खेळ थांबवून यादी उघडली, तर निवड आपोआप खाली घसरत जाते. शिवाय हे सारे एकाच संगणकावर तपासलेले दिसते. आमची प्रणाली तीन-चार जातींच्या यंत्रांवर चालते. आणि शेवटी एक प्रश्न: उद्या यात बिघाड झाला, तर तो कोण दुरुस्त करणार?

खेळ उतरवणाऱ्या बटणाबद्दल तर त्यांनी स्पष्ट नकार दिला होता. त्यांची भीती पोकळ नव्हती. बहुरूप्याने सोंग आणणे वेगळे आणि फौजदाराच्या घरातून टोपी पळवणे वेगळे. खेळांवर त्यांच्या कर्त्यांचा हक्क असतो. २०२४ च्या फेब्रुवारीत निन्टेंडोने 'युझू' या एम्युलेटरच्या कर्त्यांवर अमेरिकेत दावा लावला. खेळांवरची कुलपे तोडायला ही प्रणाली साहाय्य करते, असा कंपनीचा आरोप होता. मार्चमध्ये चोवीस लाख डॉलर देण्याचे कबूल करून त्या मंडळींनी काम बंद केले. त्याच घरातला 'सित्रा' हा दुसरा एम्युलेटरही त्याबरोबर मिटला. एका चुकीच्या खिडकीपायी सारा वाडा जाऊ शकतो, हे ज्याला ठाऊक आहे, तो दारात आलेल्या प्रत्येक वस्तूकडे संशयाने पाहणारच.

"ते सोडा," भाचा म्हणाला. "मी माझी वेगळी चूल मांडतो! परवान्यात तसा हक्कच आहे."

हक्क आहे खरा. आणि वेगळ्या चुलींचा इतिहासही त्यानेच मला ऐकवला. गेम बॉय ॲडव्हान्सचे सोंग आणणारा 'व्हिज्युअलबॉयॲडव्हान्स' एके काळी घरोघरी होता. मूळ कर्त्याने हात काढून घेतल्यावर ज्याने त्याने आपापली प्रत घेऊन आपापली भर घातली. एकात एक सोय, दुसऱ्यात दुसरी, आणि सगळे कुठेच नाही. अखेर विखुरलेले काम पुन्हा एकत्र शिवून 'व्हीबीए-एम' उभा करावा लागला.

त्याहून मौजेची गोष्ट पुढची. त्या जुन्या बहुरूप्याच्या सोंगात काही चुका होत्या. हौशी लोकांनी जुन्या खेळांत फेरफार करून नवे खेळ रचले, पण ते तपासले याच चुकीच्या सोंगावर. परिणाम असा झाला, की त्यांतले काही खेळ सोंगावर चालत आणि खऱ्या यंत्रावर अडत. पुढे 'एम-जीबीए' नावाचा अधिक काटेकोर बहुरूपी आला. त्याच्यावरही ते खेळ अडू लागले, आणि लोक म्हणू लागले, की नवाच खोटा! खऱ्याशी इमान राखावे, की लोकांच्या सवयीशी? एम-जीबीएच्या कर्त्यांनी तोड काढली ती मला फार आवडली. मूळ सोंग त्यांनी काटेकोरच ठेवले. पण जुन्या चुकांवर विसंबलेल्या खेळांसाठी, त्या चुकांची नक्कल करणारी एक सोय बाजूला ठेवली. हवी त्याने वापरावी, नको त्याच्या वाटेत ती येत नाही.

हे ऐकले आणि मी एकदम ताठ बसलो. "अरे, हे तर आपल्या पुण्यातच झालेलं आहे!"

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली, तिची हकिगत मी त्याला सांगितली. काम १९१९ साली सुरू झाले, १९२५ पासून डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर त्याचे प्रमुख संपादक झाले आणि १९६६ साली ते पुरे झाले. काश्मीरपासून केरळपर्यंतची बाराशेहून अधिक हस्तलिखिते पडताळली गेली. महाभारत हे देखील उघड्या अंगरख्याचेच काव्य. शतकानुशतके प्रत्येक प्रांताने त्यात आपले ठिगळ लावले. व्यासांनी सांगितले आणि गणपतीने लिहिले, ही आपणा सर्वांची लाडकी कथा घ्या. जुन्या प्रतींच्या साक्षीवरून ती मागाहून आलेली ठरली आणि मूळ संहितेतून वगळली गेली. भाविकांच्या मनाला हे लागले असेल, पण संपादकांनी ती कथा फेकून दिली नाही. आदिपर्वाच्या परिशिष्टात ती छापलेली आहे. वरती सर्वांना मान्य अशी संहिता, पानाखाली पाठभेद, शेवटी परिशिष्ट. ज्याचे त्याला स्थान मिळाले.

"म्हणजे माझी कळ परिशिष्टात?" भाच्याने अनारसा उचलत विचारले. बशी रिकामी होऊ लागली, हे पाहून मी समाधानाने खाली उतरलो.

पण तरुण रक्त ते! त्याने वेगळी चूल मांडलीच, आणि मी त्याला अडवले नाही. मित्राचा खेळ चालू राहिला, हे त्या हक्काचे खरे मोल. मूळ घरात नकार मिळाला म्हणून त्या मुलाला एक दिवसही पुन्हा नुसते पाहत बसावे लागले नाही.

अडचण पुढे आली. मूळ प्रणालीची नवी आवृत्ती निघाली, की भाच्याने आपले ठिगळ सोडवायचे आणि नव्या कापडावर पुन्हा शिवायचे. एकदा झाले, दोनदा झाले. मार्चमध्ये परीक्षा आली आणि शिवण राहून गेली. नेमका तेव्हाच मित्राने हौसेने मूळची नवी आवृत्ती उतरवून घेतली. त्यात ती कळ नव्हती. त्याने तक्रार केली नाही. नुसता विचारायला आला, "तुझी परीक्षा कधी संपते रे?"

भाच्याने मला फोन केला तो त्याच रात्री. "मामा, त्यांनी विचारलं होतं ना, 'उद्या कोण दुरुस्त करणार', तो प्रश्न मला आज कळला."

परीक्षा संपल्यावर त्याने गाठोडे सोडले. कळ एकटीच वेगळी काढली. यादी उघडली की ती आपोआप सुटेल, असे केले. वर्गातल्या मित्रांच्या निरनिराळ्या संगणकांवर ती तपासली, आणि तपासनीस म्हणून बसवले शेजारच्या मित्रालाच. त्याने काढलेल्या चुका भाच्याला स्वप्नातही सुचल्या नसत्या. मग पत्रात लिहिले, की ही सोय मुळात बंद ठेवा, हवी असेल तो सुरू करील, आणि दुरुस्तीला मी बांधलेला आहे. दोनदा दुरुस्त्या मागितल्या गेल्या, दोनदा त्याने केल्या. पावसाळ्यात कळ स्वीकारली गेली. रंगांना नकार कायम राहिला, बटणाचा विषय त्याने स्वतःच सोडला. मराठी सूचनांबद्दल त्यांनी विचारले आहे, की प्रत्येक आवृत्तीला नवे शब्द कोण पुरवील?

त्याचे उत्तर देण्याचा मान या भाऊबीजेला माझ्याकडे आला. 'सेव्ह'ला काय म्हणावे, यावर पौडच्या माळ्यावर मामा-भाच्यांचे कडाक्याचे भांडण झाले. मी 'जतन करा' म्हटले, भाचा म्हणाला 'सेव्ह करा'च ठेवा, आणि मित्र खेळता खेळता मान वर न करता म्हणाला, "काहीही लिहा, पण बटण डावीकडे नको, उजवीकडे ठेवा."

ते तेवढे दोघांनीही तत्काळ मान्य केले.