न बोलणाऱ्याचे गहू

बोलणाऱ्याचे कुळीथही विकले जातात आणि न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात, अशा अर्थाची एक म्हण मराठीत आहे. लहान कारागिराचे दुःख या म्हणीत नेमके सापडते. त्याचा हात कुशल असतो. परंतु आपला माल कोणाच्या घरी जातो, हे त्याला पुष्कळदा ठाऊक नसते. त्याच्या वतीने व्यापारी बोलतो, आणि जो बोलतो त्याच्याच पदरात नफ्याचा मोठा वाटा पडतो. समाजमाध्यमांमुळे कारागिराला स्वतःची वाणी लाभू शकते काय, आणि लाभल्यास तिचा उपयोग त्याने कसा करावा, याचा विचार जयपूरच्या उदाहरणावरून चांगला करता येतो.

सवाई जयसिंगांनी १७२७ साली वसविलेल्या या नगरात व्यापाराला आरंभापासूनच मानाचे स्थान होते. जौहरी बाजार जडजवाहिरांसाठी, तर मणिहारों का रास्ता लाखेच्या बांगड्यांसाठी आजही प्रसिद्ध आहे. तेथे बांगडी घडविणारे हात आणि ती भरणारे मनगट समोरासमोर येतात. दूरच्या ग्राहकाला मात्र हे सुख नव्हते. १८८३ साली जयपुरात कलावस्तूंचे मोठे प्रदर्शन भरले आणि १८८७ साली अल्बर्ट हॉल हे संग्रहालय सुरू झाले. कारागिरी जगापुढे मांडण्याचाच तो प्रयत्न होता. परंतु पाहणाऱ्याला जयपूरपर्यंत यावे लागे. समाजमाध्यमांनी हे अंतर पुसले. आता प्रदर्शन ग्राहकाच्या तळहातावर भरते.

या सोयीचे मोल कळण्यासाठी जयपूरनजीकच्या बगरू गावाकडे वळावे. तेथील छिपा समाजाचे लोक लाकडी ठशांनी कापड छापतात. कापड आधी धुऊन हिरड्याच्या पाण्यात भिजवतात. जुने लोखंड आणि गूळ आंबवून केलेल्या द्रवाने काळी रेघ उमटते, तुरटीच्या साह्याने तांबडा रंग धरतो. जेथे रंग लागू द्यायचा नाही, तेथे ‘दाबू’ म्हणजे चिखलाचा लेप देतात. धुणे, वाळविणे, छापणे, पुन्हा धुणे या क्रमात पुष्कळ दिवस जातात. जाळीच्या छपाईने तशीच नक्षी अल्पावधीत व अल्प किमतीत उमटविता येते. दुकानातील दोन घड्या शेजारी ठेवल्या, तर अजाण ग्राहक स्वस्त घडी उचलतो. यात त्याचा दोष काय? हिरडा, लेप आणि उन्हात घालवलेले दिवस त्याने पाहिलेलेच नसतात.

समाजमाध्यमांचा खरा लाभ येथे आहे. छिप्याने ठसा कापडावर ठेवून त्यावर मूठ मारल्याचे अर्ध्या मिनिटाचे चलचित्र दाखवावे. दोन ठशांच्या सांध्यात राहिलेला किंचित फरक झाकू नये. तीच हाताच्या कामाची खूण आहे, हे सांगावे. छायाचित्र दिवसाच्या उजेडात घ्यावे. लांबी-रुंदी, किंमत, धुण्याची रीत आणि माल पोहोचण्यास लागणारे दिवस स्पष्ट लिहावेत. दोन थानांच्या रंगछटेत थोडा फरक पडेल, हेही आधीच कळवावे. दूरच्या ग्राहकाला कापड हाताळता येत नाही. म्हणून शब्दाचा खरेपणा हाच त्याचा स्पर्श होय.

व्यवहाराची साधनेही आता हाताशी आहेत. २०१६ साली युपीआयद्वारे पैसे देण्याची सोय झाली, आणि लहान व्यापाऱ्यांसाठी व्हॉट्सॲप बिझनेस भारतात २०१८ साली आले. सोलापूरच्या गृहिणीला बगरूची चादर मागवायची झाल्यास चौकशी, नमुना आणि पैसे यांचा सारा व्यवहार एका यंत्रावर होतो. तिने पुन्हा-पुन्हा कोणता रंग विचारला, हे कारागिराला थेट समजते. पूर्वी हे ज्ञान व्यापाऱ्यापाशीच अडून राही. मात्र बांधणावळ, टपालखर्च आणि परत येणारा माल यांचा हिशेब किमतीत धरला नाही, तर मागणी वाढूनही हाती तोटाच येतो.

उघडे दाखविण्यात चोरीचे भयही आहे. आज दाखविलेली नक्षी उद्या दुसरा छापील. तरी उजेडच चोरीवरचा पहारा ठरू शकतो. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक संकेताची नोंदणी मिळाली होती. जून २०२५ मध्ये मिलान येथे प्राडा या इटालियन कंपनीने तशाच घाटाच्या चपला मांडल्या, तेव्हा समाजमाध्यमांवर प्रखर टीका उसळली आणि कंपनीला त्यांची भारतीय प्रेरणा मान्य करावी लागली. सांगानेर व बगरू येथील छपाईलाही अशी नोंदणी लाभली आहे. तिचा उल्लेख कारागिराने आवर्जून करावा.

एक सावधगिरी अवश्य हवी. समाजमाध्यम ही परक्याच्या जागेत थाटलेली पेढी आहे. तिचे नियम मालक केव्हाही बदलू शकतो. म्हणून ग्राहकांची नावे व पत्ते, त्यांच्या संमतीने, स्वतःच्या वहीत उतरवून ठेवावेत. तसेच हाताला पेलेल तेवढीच मागणी स्वीकारावी. घाईने छापलेले एक कच्चे कापड दहा सुंदर चित्रांचा विश्वास धुऊन टाकते.

बोलण्याची सोय झाली म्हणून कुळीथ गव्हाच्या भावाने विकण्याचा मोह अनेकांना होईल. ज्याच्या कोठारात गहूच आहे, त्याने आता मौन सोडावे, एवढाच या नव्या पेठेचा सांगावा आहे.